मी फक्त पळी धरली

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माणसानं नवीन काय शिकावं, याबद्दल जाणत्या लोकांत मतभेद आहेत. कुणी योगासनं शिकतो. कुणी पेटी शिकतो आणि शेजाऱ्यांना योगासनांकडे वळवतो. आमच्या शाखेतले एक गृहस्थ या वयात पोहायला शिकले आणि तेव्हापासून चेक पास करतानासुद्धा श्वास रोखून धरतात. मी बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिकलो. घरच्या घरी, चुलीवर.

हे मी डब्याच्या सुट्टीत सहज बोलून गेलो. टेबलाभोवती एकदम शांतता पसरली. हेडकॅशिअरनी मटकीची उसळ खाली ठेवली, मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे एक नजर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, "कुणासाठी?"

सगळे हसले. मीही हसलो. पण हाच प्रश्न, अगदी याच शब्दात, मला चार दिवसांपूर्वी मसुऱ्यात आमच्या काकांनी विचारला होता, आणि तेव्हा मला हसू आलं नव्हतं. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

मसुरे हे आमचं मूळ गाव, तालुका मालवण. गावाला एका बाजूला भरतगड आहे. वाडीच्या फोंड सावंतांनी तो 1701 साली बांधला. खाडीपलीकडे त्याच्याकडे डोळे वटारून पाहणारा बावडेकरांचा भगवंतगड आहे. दोन किल्ले, मध्ये कालावलची खाडी. एके काळी या दोघांमध्ये बोलणी कमी आणि गोळ्या जास्त झाल्या असाव्यात. हल्ली दोन्ही गड झाडीत झोपून असतात.

मसुऱ्याचीच एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. इथल्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात. तिची गंमत अशी, की ही जत्रा पंचांगात नसते. परंपरा अशी, की गावकऱ्यांनी रानडुकराची शिकार करायची, मग देवीला कौल लावायचा आणि मग तारीख जाहीर व्हायची. भाविकांच्या दृष्टीनं यात काहीच अडचण नाही. अडचण बँकेच्या रजेच्या अर्जाची आहे.

"तारीख?" साहेबांनी विचारलं.

"अजून ठरायची आहे, साहेब."

"कोण ठरवणार?"

"देवी."

"मग तिला लवकर ठरवायला सांगा!"

"तिचं काही नाही, साहेब. पण आधी डुक्कर मिळायला पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मारला. डुकराबद्दल होता की माझ्याबद्दल, ते कळलं नाही.

तर यंदा अशा रीतीनं मी जत्रेला गेलो आणि चार दिवस काकांकडे राहिलो. काकांचं वय ऐंशीच्या घरात. घरामागे वायंगणी भात, थोडा भुईमूग आणि रताळी. यातलं किती पीक काका खातात आणि किती रानडुकरं, याचा हिशोब मांडला तर काका या धंद्यात भागीदार नसून नोकर आहेत असं दिसतं. रात्रीतून एक कळप येतो आणि सकाळी वाफ्याची अशी दशा असते, की दूरध्वनी खात्यानं केबल टाकायला खणलंय असं वाटावं.

म्हणून काकांकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. ही बंदूक पुढून भरायची. आधी दारू, मग चिंधीची गुंडी, गजानं ठासायचं, वर गोळी, पुन्हा ठासायचं, मागे टोपी लावायची. एवढं होईपर्यंत डुक्कर जेवून, हात धुऊन घरी जातं. शिवाय निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे निवडणुकीचा काळ त्यांना सुगीचा जातो. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे उठलं आणि डुक्कर मारलं असंही चालत नाही, परवानगी लागते. त्यामुळे काका नुसती दारू भरून हवेत बार काढतात. आवाजाला डुक्कर चार दिवस घाबरतं. पाचव्या दिवशी त्यालाही कळतं, की हा सरकारी इशारा आहे.

यंदा मात्र परवानगीचा कागद हातात होता. म्हणून गोळ्या हव्या होत्या.

"चल, तुका एक इद्या शिकवतंय," काका म्हणाले.

मी घाबरत विचारलं, "काका, हे कायद्यात बसतं ना?"

"परवानो माझो. तू फक्त पळी धर."

मी पळी धरली. 'फक्त' हा शब्द मला अत्यंत प्रिय आहे. चेकवर रकमेच्या शेवटी तो लिहिला, की पुढे कुणाला काही वाढवता येत नाही. बँकेत आम्ही जबाबदारीच्या शेवटीही तो तशाच कामासाठी वापरतो.

आता ही विद्या काय आहे, ते थोडक्यात सांगतो. शिसं हा धातूंमधला सज्जन गृहस्थ. जड, मऊ, सावळा आणि लवकर विरघळणारा. 327 अंशांना त्याचं पाणी होतं, म्हणजे करवंट्यांच्या कोळशावर सहज. काकांनी फाटलेल्या पागाच्या कडेची शिशाची वजनं काढून ठेवली होती. पाग म्हणजे खाडीत गोल फेकायचं जाळं. कडेच्या वजनांनी ते झटकन तळाला जातं आणि आतली मासळी आतच राहते. ती वजनं एका जुन्या लोखंडी कढईत पडली. काकांचे नियम कडक होते. चूल खळ्यात, उघड्यावर. आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कारण शिशाची वाफ आणि धूळ दोन्ही विषारी. पोरंबाळं घरात. ही कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही. काम झालं की हात स्वच्छ धुवायचे, त्याआधी विडीसुद्धा नाही. आणि पाण्याचा तांब्या चार हात लांब.

"एक थेंब पडलो तर तोंड वळखूचा नाय," काका म्हणाले. तापलेल्या शिशात पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं कारंज्यासारखं उडतं. हे कळल्यावर माझ्या कपाळावरचा घामही मला संशयास्पद वाटू लागला.

शिसं वितळलं. मेणबत्तीचा तुकडा टाकून काकांनी ते ढवळलं, वर आलेली काळी मळी काढली, आणि खाली जे चकाकलं ते पाहून मला चांदीचे भाव आठवले. साचा पितळी, अडकित्त्यासारखा दिसणारा. मिटायचा, वरच्या भोकातून शिसं ओतायचं, दहा आकडे मोजायचे, उघडायचा. गोळी टपकन खाली पडते. तिला वर एक देठ असतो, तो कापायचा.

माझी पहिली गोळी सुरकुतलेली निघाली. दुसरी पहिलीची आजी शोभावी अशी. "साचो थंड असा," काका म्हणाले. "तो तापल्याबिगर गोळी गुळगुळीत येवची नाय." सहावी गोळी मात्र गुळगुळीत आली. मी ती विजयानं वर धरली. काकांनी ती तराजूत टाकली आणि पुन्हा कढईत फेकली. वजन कमी भरलं होतं. बाहेरून गुळगुळीत आणि आत हवेचा बुडबुडा. अशी गोळी वाकडी जाते. आमच्याकडे अशांना बढती मिळते.

तराजू पाहून मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. बंदुकीचं आणि हिशोबाचं नातं जुनं आहे. बारा बोअरची बंदूक म्हणतात, त्यातला बाराचा आकडा कसला? तर तिच्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणजे हा सरळसरळ भागाकार आहे. आणि शिसं हे बँकवाल्यांनी नाक मुरडावं असंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तिथले खिळेही ओतायचे ते शिशातच अँटिमनी आणि कथील मिसळून. पंचांगं आणि पोथ्या त्यातूनच छापून निघाल्या. मालवणात तर शिसं ओतणं हे राजकार्य. 1664 साली सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा दगड समुद्रात पक्के बसावेत म्हणून पायात शिसं ओतलं, असं सांगतात. एकच धातू. त्याचं नाणं होतं, अक्षर होतं, किल्ला होतो, जाळं होतं आणि गोळीही होते. शिशाला काही मत नसतं. साचा असेल तसं ते होतं.

हा विचार मला फार आवडला. मी तो काकांना ऐकवला. "काका, म्हणजे दोष शिशाचा नाही आणि ओतणाऱ्याचाही नाही. जो चाप ओढतो त्याचा."

काका देठ कापत होते. ते थांबले.

आतून काकी म्हणाली, "तेंका ता सांगा नको. म्हशीची गजाल इचार."

म्हशीची गजाल अशी. पस्तीसेक वर्षांपूर्वी वाडीतल्या एका गृहस्थाकडे बंदूक होती, साचा नव्हता. त्यानं काकांकडून सहा गोळ्या ओतून नेल्या. काकांनी काही विचारलं नाही. शेजारधर्म. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यानं झाळीत काहीतरी हललं म्हणून बार काढला. हलत होती ती दुसऱ्याच एका गरिबाची दुभती म्हैस. ती पडली. पंच बसले. बार काढणाऱ्यानं चूक कबूल केली, भरपाई ठरली. काकांचं नावही कुणी घेतलं नाही. पण काका उभे राहिले आणि म्हणाले, "गोळी माझी, बार तेचो. अर्धी म्हस माझी."

पंच चक्रावले. कायद्यात, रूढीत, कशातच हे बसत नव्हतं. पण पैसे देणाऱ्याला नाही म्हणण्याचीही रूढी नव्हती. काकांनी अर्धी रक्कम दिली. घरात एवढे पैसे नव्हते. काकीची एक पाटली गहाण पडली आणि तीन वर्षांनी सुटली. "तीन वर्सां एका हातान जगलंय," काकी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा लग्नाला पन्नास वर्षं झाली की दोन्हींचा आवाज एकच होतो.

"पण काका," मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत तो म्हैस मारणार?"

"म्हायत नाय. म्हणानच इचारूक होया होता. कोणासाठी, कशाक, कधी. माका तीन शब्द जड झाले."

आणि मग त्यांनी ते विचारलं, ज्यानं मी हसलो नाही. माझ्या हातातल्या पळीकडे बघत ते म्हणाले, "तू थंय मुंबैत कागद लिवतंस ना? कोणासाठी?"

गहाण पाटलीचा विषय निघाला नसता तर मी काहीतरी विनोद करून सुटलो असतो. पण आता सांगावं लागलं.

काही वर्षांपूर्वी मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर होतो. कर्ज थकलं की नोटीस जाते, मुदत संपली की लिलाव. एका बाईंच्या दोन पाटल्या होत्या. नोटीस मी तयार केली. ती परत आली. पाकिटावर शेरा, 'पत्त्यावर राहत नाहीत.' परत आलेलं पाकीट माझ्याच टेबलावर आलं. अर्जात त्यांचा फोन नंबर होता. पण नियमात 'नोटीस पाठवावी' असं होतं, 'पोचवावी' असं नव्हतं. मी पाकीट फायलीला लावलं आणि टाचणी टोचली.

लिलावानंतर अकराव्या दिवशी बाई पैसे घेऊन आल्या. घर बदललं होतं. कर्ज वजा जाता उरलेली रक्कम त्यांच्या नावे जमा होती, पैशापैशाचा हिशोब चोख होता. मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत हो, आईच्या होत्या त्या." मी म्हणालो, "मी फक्त नोटीस टाइप करतो." त्या अधिकाऱ्याकडे गेल्या. त्यांनी फक्त सही केली होती. साहेबांनी फक्त पुढे पाठवलं होतं. लिलाववाल्यानं फक्त बोली लावली होती. वरच्या कचेरीनं फक्त नियम केला होता. एवढी माणसं कामाला लागली होती, आणि पाटल्या कुणीच विकल्या नव्हत्या.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ती बाय पयली कोणाच्या खिडकीर इली?"

"माझ्या."

काका पुढे काही बोलले नाहीत. ते पुन्हा देठ कापायला लागले.

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रात्री माजघरात पडल्या पडल्या मी स्वतःचा बचाव तयार केला. कॉलेजात आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, 1932 चा भागीदारी कायदा. त्यात प्रत्येक भागीदार भागीदारीच्या सगळ्या देण्याला जबाबदार, अगदी घरची भांडी विकेपर्यंत. दुसरी, कंपनी. 1897 साली लंडनमध्ये सालोमन नावाच्या बूट करणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात निकाल लागला, की कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा. कंपनी बुडाली तरी तिच्या देण्यासाठी सालोमनचं घर विकायचं नाही. नावापुढे 'मर्यादित' असा शब्द लावला की काम झालं. या एका शब्दावर जगाचा व्यापार उभा आहे, आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझा पगार त्यातूनच होतो. प्रत्येक लोहारानं प्रत्येक कोयत्याचा पुढचा हिशोब ठेवायचा म्हटलं तर उद्या नारळ सोलायला कोयता मिळायचा नाही.

बचाव उत्तम होता. पण झोप येईना. कारण आमच्या धंद्यातलाच एक बारका मुद्दा आडवा आला. मर्यादा घातली म्हणजे नुकसान नाहीसं होत नाही. ते फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी खात्याला पडतं. जमाखर्च जुळतोच. एक किलो शिशाच्या शंभर गोळ्या ओता, हजार छर्रे करा, बेरीज किलोच भरते. पेट्रोलचंच बघा. 1923 पासून अमेरिकेत त्यात शिशाचं संयुग घालायला लागले आणि ती चाल जगभर गेली. आपल्याकडे ते बंद झालं 2000 साली. तोवर शिसं धुरावाटे मुलांच्या रक्तात जात होतं. कुणी घातलं? घालणाऱ्यानं चिमूटभर घातलं, विकणाऱ्यानं फक्त विकलं, मी फक्त स्कूटरची टाकी भरली. प्रत्येकाचा वाटा मोजता न येण्याइतका लहान आणि पोरांच्या अंगातलं शिसं मोजता येण्याइतकं मोठं. हात वाढले की पाप पातळ होतं, असं आपल्याला वाटतं. शिसं पातळ होत नाही. ते वाटलं जातं, एवढंच.

मग काय, सगळ्या जगाच्या म्हशींचे अर्धे पैसे भरत सुटायचं? काकासुद्धा तसं म्हणत नव्हते. मनात घोळवता घोळवता मला त्यांचं म्हणणं असं दिसलं: सगळं ओझं उचलायचं नाही, पण हातातून वस्तू सोडण्याआधी तीन शब्द विचारायचे. कोणासाठी, कशाक, कधी. फोन लावायला मला किती लागलं असतं? बाकीच्यांना पाकीट परत आल्याचं माहीतच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. ज्याला माहीत आहे, त्याचा 'फक्त' चालत नाही.

सकाळी उठलो तेव्हा काका खळ्यात बसून गोळ्या मोजत होते. आठ चांगल्या निघाल्या होत्या. त्यांनी चार ठेवल्या. उरलेल्या चार पुन्हा कढईत टाकल्या.

"का हो?"

"चार पुरे. घरात जास्त असली की माणूस ती वापरूक कारण शोधता."

मी ओतलेली एक गोळी मला आठवण म्हणून हवी होती. काका हसले. "परवानो खंय असा तुझो? गाडीत पोलीस धरतले." त्यांनी ती माझ्यासमोर वितळवली आणि पागाचं वजन ओतून दिलं. लांबट, मध्ये भोक असलेलं. "ह्या घेवन जा. ह्याका परवानो लागना नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शिशाचा हा एक मोठा गुण आहे. बार निघेपर्यंत गोळीला परत येता येतं. कढईत पडली की ती पुन्हा जाळ्याचं वजन होऊ शकते. बार निघाला, की मग राजालाही ती परत बोलावता येत नाही. नोटिशीचंही तसंच. लिलावाचा हातोडा पडेपर्यंत तो कागद असतो. पण तेवढ्या वेळात कुणीतरी कढई चुलीवर ठेवायला हवी.

यंदा जत्रेहून परत आलो तर मला पुन्हा तेच टेबल मिळालं. योगायोग नव्हे, बदल्यांचं धोरण. ते शिशाचं वजन मी नोटिशींच्या गठ्ठ्यावर ठेवतो. पंख्याखाली कागद उडत नाहीत, एवढा त्याचा उघड उपयोग. पाकीट परत आलं की मी फोन लावतो. परवा साहेबांनी विचारलं, "हे फोन कुठल्या नियमाखाली?" मी म्हटलं, "साहेब, नियमात नाही म्हणून मनाईही नाही." ते वजनाकडे बघत म्हणाले, "आणि हे काय?"

"म्हशीचा हप्ता," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढच्या वर्षीच्या रजेचं काही खरं नाही.

आतापर्यंत अकरा फोन केले. सात लागलेच नाहीत. दोघांनी मला शिव्या दिल्या. एकानं मुदतीत पैसे भरले. आणि एक बाई फोनवर काही बोलल्याच नाहीत, नुसत्या रडल्या. मी रिसीव्हर कानाला लावून बसून राहिलो. माझ्यामागे रांग वाढत होती, आणि काउंटरवरून कुणीतरी ओरडत होतं, "अहो, इथे लक्ष द्या! काय करताय काय?"

'फक्त' म्हणायची सवय इतकी, की तो शब्द ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "थांबा जरा. काम करतोय."